देवघेव विभागातल्या माणसांचं ऐकतं कोण?

१२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन साजरा झाला आणि त्यानंतरच्या टपालात ग्रंथालयातल्या माणसांचीच पत्रं जास्त आली. बहुतेकांचा विषय प्रशिक्षणाचा, संवादाचा, एकमेकांशी न पटण्याचा. म्हणून या महिन्याचं सदर त्यांच्यासाठी. माझी सगळी नोकरी जिल्ह्याच्या गावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात गेली, आणि आता कर्मचाऱ्यांच्या वर्गांना शिकवायला जाते, त्यामुळे यातलं प्रत्येक पत्र मला ओळखीचं वाटलं. पत्रलेखकांची नावं आणि गावं छापलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं तालुक्याच्या गावातलं, सरकारी वर्गवारीत सगळ्यांत वरच्या म्हणजे ‘अ’ वर्गाचं वाचनालय आहे. आम्ही चौघं काम करतो. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले आणि मे महिन्यापासून मी ग्रंथपाल झाले. सहायक ग्रंथपाल माझ्याहून वयाने आणि नोकरीनेही मोठे. त्यांना काही सांगितलं की ते “बरं” म्हणतात आणि परस्पर कार्यवाहांना फोन करतात. पुस्तकांच्या देवघेवीच्या काउंटरवरच्या मुलीची उशिराच्या दंडावरून वाचकांशी सारखी वादावादी होते. दोन लेखी तक्रारीही आल्या. आता संचालक मंडळाने ठरवलं आहे की पुण्याहून एक वक्ते बोलवायचे आणि ‘प्रभावी संवाद व नेतृत्व’ यावर दिवसभराची कार्यशाळा घ्यायची. मानधन दहा हजार. याचा उपयोग होईल का? झाला नाही तर खापर माझ्यावर फुटेल, अशी भीती वाटते. (एक ग्रंथपाल, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : कार्यशाळा दोन महिने पुढे ढकलायची विनंती करा. रद्द करा असं मी म्हणत नाही. पण आज ती घेतली तर वक्ते हसतमुख राहायला सांगतील, सगळे टाळ्या वाजवतील, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला त्याच दंडावरून तोच वाद होईल.

काउंटरवरच्या त्या मुलीचा विचार करा. एक बाई बारा दिवस उशिरा पुस्तक घेऊन येतात. सांगतात की सासूबाई दवाखान्यात होत्या. मुलीला ते पटलेलं असतं. पण दंड माफ करायचा अधिकार तिला नाही, कमी करायचा नाही, पुढच्या महिन्यात घ्या म्हणायचाही नाही. मग ती म्हणते, “नियम आहे.” संस्थेने तिच्या हातात तेवढंच एक वाक्य दिलं आहे! समोरच्या बाईंना ती आडमुठी वाटते, आवाज चढतो आणि तक्रार अर्ज येतो तो मुलीच्या नावाने. ज्या माणसाला पाच रुपयांचाही निर्णय घेता येत नाही, त्याला संवादकौशल्य शिकवून काय साधणार? माझं याबाबतचं मत वर्षानुवर्षं पक्कं होत गेलं आहे: ग्रंथालयात संवाद बिघडतो तो बहुतेक वेळा अधिकार नसल्यामुळे, स्वभावामुळे क्वचित.

म्हणून पहिलं काम कागदाचं. चौघांनी बसून एक पान लिहा. काउंटरवरच्या व्यक्तीने कोणाला न विचारता काय ठरवावं, ते त्यात असू द्या. पंचवीस रुपयांपर्यंतचा दंड माफ करता येईल, कारण वहीत नोंदवायचं. फोनवरून एकदा मुदत वाढवून देता येईल. ओळखपत्र विसरलेल्या वर्गणीदाराला सही घेऊन पुस्तक देता येईल. अनामत भरलेली नसली तरी शाळेतल्या मुलाला तिथेच बसून वाचायला पुस्तक काढून देता येईल. फाटलेलं किंवा हरवलेलं पुस्तक मात्र ग्रंथपालांकडे. हे पान मंडळाच्या सभेत ठेवा आणि ठराव करून घ्या. वर्षाला जाऊन जाऊन किती दंड माफ होईल? त्या वक्त्यांच्या मानधनापेक्षा नक्कीच कमी.

दुसरं. वाद चालू असताना तुम्ही केबिनमध्ये बसून राहू नका. उठून काउंटरपाशी जा आणि मुलीच्या बाजूला उभ्या राहा, वाचकाच्या बाजूला नव्हे. “काय झालं, मला सांगा” हे वाचकांना म्हणा, तोडगा काढा. मुलीचं चुकलं असेल तर ते तिला नंतर, एकटीला सांगा. वाचकांसमोर आपल्या माणसाला खाली बघायला लावलं की तो माणूस पुढे कधीही स्वतःच्या बुद्धीने वागत नाही. प्रत्येक गोष्टीला तुमच्या दाराशी येऊन उभा राहतो आणि मग आपणच म्हणतो, हिला काही कळत नाही.

आता सहायक ग्रंथपालांबद्दल. त्यांच्या “बरं” मागे काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे: ती खुर्ची आपल्याला मिळेल असं त्यांना वाटत होतं. हे कोणीतरी एकदा मोकळेपणाने बोलायला हवं, आणि ते तुम्हालाच करावं लागेल. वाचनालय बंद असतं त्या दुपारच्या वेळेत, चहा घेऊन बसा. “सर, तुम्हाला वाईट वाटलं असणार. मला तुमच्याशिवाय हे जमणार नाही,” एवढं सरळ म्हणा. पण तिथे थांबू नका, कारण नुसत्या गोड बोलण्याने माणूस आणखी सावध होतो. त्यांना त्यांचं स्वतःचं असं एक क्षेत्र द्या. जुन्या वर्गणीदारांची नावं, कोणाच्या घरात काय वाचलं जातं, दुर्मीळ पुस्तकं कुठल्या कपाटात कोणत्या क्रमाने लागली आहेत, हे बहुधा त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही. पुस्तक खरेदीच्या यादीचा पहिला मसुदा त्यांनी करावा, आणि त्यात बदल करायचा झाला तर तुम्ही त्यांच्याशी बोलून करावा.

कार्यवाहांना येणारा फोन मात्र बंद व्हायलाच हवा, आणि तो बंद करणं सहायकांच्या नव्हे, कार्यवाहांच्या हातात आहे. त्यांना वेगळं भेटा. तक्रार करू नका. एकच मागणी करा. “तुम्हाला कर्मचाऱ्यांचा फोन आला तर ऐकून घ्या, पण ‘ग्रंथपालांशी बोला’ एवढंच उत्तर द्या.” चांगले कार्यवाह हे लगेच समजतात. न समजणारे भेटले तर पुढच्या सभेत मंडळापुढे लेखी मांडा.

इथे आपली रचना लक्षात ठेवायला हवी. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार सरकार आपल्याला मान्यता आणि अनुदान देतं, तपासणीही करतं. पण कर्मचारी सरकारचे नसतात, संस्थेचे असतात. म्हणजे पगार संस्थेचा, त्यातला मोठा वाटा अनुदानाचा, दप्तर तपासणार जिल्हा ग्रंथालय अधिकारी, आणि रोज जाब विचारणार वाचक. असं असताना ग्रंथपालाला केवळ पदाच्या जोरावर कोणी मानत नाही. सरकारी कचेरीतलं ‘वरून आदेश आहे’ इथे चालत नाही. इथलं नेतृत्व रोजच्या बारीकसारीक वागण्यातूनच उभं राहतं.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण तुमच्याकडे असणारच. आपली वाचनालयं सकाळ-संध्याकाळ दोन सत्रांत चालतात. सकाळचा माणूस अकराला जातो, संध्याकाळचा पाचला येतो, दोघांची भेटच होत नाही. सकाळी एका आजोबांना “संध्याकाळी या, पुस्तक काढून ठेवतो” म्हणून सांगितलेलं असतं, आणि संध्याकाळच्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. आजोबा चिडतात. वाचकांशी होणारे कितीतरी वाद हे खरं तर आपण आपसात न बोलल्याचे असतात. यावर दोनशे पानी वहीइतका साधा उपाय नाही. काउंटरच्या खणात निरोपवही ठेवा. जाताना चार ओळी लिहायच्या, येताना वाचून सही करायची. कोणी काय मागितलं, कोणाला काय कबूल केलं, कोण रागावून गेलं. व्हॉट्सॲपच्या गटावर हे करू नका. तिथे सुप्रभातच्या फुलांखाली निरोप हरवतात आणि रात्री दहाला कामाचे संदेश सुरू होतात.

आठवड्यातून एकदा संध्याकाळचं सत्र उघडण्याआधी अर्धा तास चौघांनी बसायचं. वहीतला एकच प्रसंग घ्यायचा. एकाने वाचक व्हायचं, एकाने काउंटरवर बसायचं आणि तो प्रसंग पुन्हा बोलून बघायचा. पहिल्या एक-दोन बैठकांना सगळे अवघडतात. शिपाईमामा वाचक झाले की मोकळीक येते, कारण वाचक कसे बोलतात हे त्यांनी सगळ्यांत जास्त ऐकलेलं असतं. “पुस्तक नाही” याऐवजी “ते बाहेर गेलंय, चार तारखेला परत येईल, नाव लिहून ठेवू का?” हे तोंडात बसायला सराव लागतो. भाषणाने ते बसत नाही.

दोन महिन्यांनी वक्त्यांना खुशाल बोलवा. मात्र निरोपवहीतले दहा-बारा प्रसंग नावं वगळून त्यांना आधी पाठवा आणि सांगा, आम्हाला यांवर बोलायचं आहे. जे तयार होतील तेच तुमच्या कामाचे.

प्रश्न : ताई, मी ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करून शहरातल्या वाचनालयात लागलो आहे. पुस्तकं विषयवार लावायचे ड्यूईचे वर्गांक पाठ आहेत, तालिका म्हणजे पुस्तकांची सूची करता येते. पण वाचक समोर आला की काय विचारावं ते सुचत नाही. ते एक मागतात, मी देतो, आणि ते पुस्तक टेबलावर तसंच ठेवून निघून जातात. शिवाय संध्याकाळी अभ्यासिकेत माझी ड्यूटी असते. स्पर्धा परीक्षेची मुलं माझ्याच वयाची. ती पिशवी ठेवून जागा अडवतात, बोललं की अंगावर येतात. (एक सहायक, मराठवाडा)

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते फार नेमकं आहे: वाचक पुस्तक टेबलावर तसंच ठेवून जातात. हे लक्षात येणारा माणूस या कामाचाच आहे.

यावर ग्रंथालयाच्या जगात फार पूर्वीपासून विचार झाला आहे. १८७६ साली अमेरिकेत वूस्टर इथले ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी ग्रंथपाल आणि वाचक यांच्या वैयक्तिक संबंधांवर निबंध वाचला, तिथपासून वाचकाशी बोलणं हा कामाचाच भाग मानला जाऊ लागला. पुढे १९६८ मध्ये रॉबर्ट टेलर यांनी त्याची उकल केली. त्यांचं म्हणणं असं की माणसाच्या मनातली गरज चार पायऱ्यांनी खाली उतरत आपल्यापर्यंत येते. आधी नुसती अस्वस्थता, मग धूसर विचार, मग स्पष्ट प्रश्न, आणि शेवटी ग्रंथालयात काय मिळेल याचा अंदाज बांधून केलेली मागणी. आपल्या कानावर येते ती ही चौथी.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. एक शेतकरी येतात आणि म्हणतात, “शेतीची पुस्तकं कुठं?” तुम्ही ६३० च्या कपाटाकडे बोट दाखवता. ते दोन पुस्तकं चाळतात आणि निघतात. त्यांना हवी असते द्राक्षावरच्या डावणी रोगाची माहिती, कारण पाऊस पडून गेलाय आणि बाग हातची जातेय. द्राक्ष ६३४.८ मध्ये, पिकांचे रोग ६३२ मध्ये. ते तुम्हाला पाठ आहे, त्यांना नाही. आणि ते आपणहून सांगत नाहीत, कारण वाचनालयात एवढं बारीक मिळेल असं त्यांना वाटतच नाही. तुम्ही फक्त विचारायचं, “कशासाठी बघताय, काका?” किंवा “कुठलं पीक?” एवढ्याने माणूस बोलायला लागतो.

दोन गोष्टी सांभाळा. “हो” किंवा “नाही” एवढंच उत्तर येईल असा प्रश्न आधी विचारू नका. आणि आजार, घटस्फोट, कर्ज यांबद्दलचं पुस्तक कोणी मागितलं तर कारण विचारू नका, आवाजही खाली ठेवा, तिथे “याच्यावर मराठीत दोन आहेत, दोन्ही काढून देऊ?” एवढंच पुरे. पुस्तक दिल्यावर दहा मिनिटांनी त्यांच्या टेबलापाशी जाऊन “मिळालं का हवं ते?” असं विचारून बघा. टेबलावर टाकून गेलेली पुस्तकं कमी होतील. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे दुसरं सूत्र तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. ते खरं होतं ते या दोन-चार वाक्यांमुळे.

अभ्यासिकेचा प्रश्न वेगळा आहे. ही मुलं तुमच्यावर रागावलेली नसतात. गावाहून आलेली, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, परीक्षेची तारीख पुढे गेलेली, घरून रोज फोन. अभ्यासिकेतली ती खुर्ची हीच त्यांची शहरातली एकमेव हक्काची जागा. म्हणून पिशवी. तुम्ही एकट्याने ती उचललीत तर भांडण होणारच. त्यांनाच बसवून नियम करायला लावा. जागा किती वेळ रिकामी राहिली तर ती दुसऱ्याची, फोन कुठे घ्यायचा, डबा कुठे खायचा, हे त्यांनी ठरवावं, त्यांच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावावं आणि दर महिन्याला त्यांच्यातल्या दोघांनी ते सांभाळावं. मुलींना सांभाळणाऱ्यांत जरूर घ्या. बऱ्याच अभ्यासिकांत मुलींच्या अडचणी कोणाच्या कानावरच येत नाहीत. आणि ग्रंथपालांकडून एक गोष्ट मागून घ्या: नियम मोडणाऱ्याला एक दिवस बाहेर ठेवायचा अधिकार. तो वापरायची वेळ क्वचितच येईल.

प्रश्न : मी एका जुन्या वाचनालयाचा कार्यवाह आहे. आम्ही कर्मचाऱ्यांना दोनदा प्रशिक्षणाला पाठवलं, खर्च केला. प्रमाणपत्रं आली, फ्रेम करून लावली. वागण्यात तिळमात्र फरक नाही. मंडळात आता कोणी या विषयाला पैसे द्यायला तयार नाही. आमचं काय चुकतंय? (एक कार्यवाह, कोकण)

उत्तर : तुम्ही स्वतःहून हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. प्रशिक्षणाची पत्रं कर्मचाऱ्यांकडून येतात, मंडळाकडून जवळपास येतच नाहीत.

प्रशिक्षणाहून परतल्यावर त्यांना कोणी विचारलं का, की काय शिकून आलात आणि त्यातलं इथे काय करू या? प्रमाणपत्र भिंतीवर गेलं, पण शिकलेलं करून बघायला जागा मिळाली का? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पगार वेळेवर होतो का? अनुदानाचा हप्ता येईपर्यंत अनेक संस्थांत पगार थांबतात. रकमाही तुटपुंज्या, ग्रंथालय कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी किती जुनी आहे, ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. सरकारच्या तिजोरीची किल्ली तुमच्याकडे नाही, मान्य. पण देणग्या, सभागृहाचं भाडं, वर्गणी यांतून दोन महिन्यांच्या पगाराइतका राखीव निधी ठेवणं मंडळाच्या हातात आहे. दोन महिने पगार न झालेल्या माणसाला ‘वाचकाचं स्वागत हसून करा’ असं सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं.

हे झालं की मग मंडळातल्या प्रत्येकाने महिन्यातून एक संध्याकाळ देवघेवीच्या काउंटरवर बसावं. तपासायला नव्हे, काम करायला. शनिवारी संध्याकाळी दिवाळी अंकांची रांग असताना बसा. नियमांतला कुठला नियम माणसांना बोचतो, ते तुम्हाला तिथेच कळेल. दर सभेत ग्रंथपालांना दहा मिनिटं द्या आणि विषयपत्रिकेत ती वरच्या क्रमांकावर ठेवा. ‘आयत्या वेळच्या विषयां’मध्ये नको, तोपर्यंत सगळे उठायच्या बेतात असतात.

पैशांचं म्हणाल तर कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, १९७२ पासूनचं, पुस्तकांसाठी सगळ्यांना माहीत आहे. चर्चासत्रं आणि प्रशिक्षण वर्गांसाठीही त्यांची साहाय्य योजना आहे. एकट्या संस्थेने धडपडण्यापेक्षा जिल्हा ग्रंथालय संघामार्फत तालुक्यातल्या पाच-सहा वाचनालयांनी मिळून वर्ग घ्यावा. दुसऱ्या वाचनालयातल्या माणसाशी बोलताना आपला कर्मचारी जे बोलतो, ते तो आपल्यासमोर कधीच बोलत नाही.

प्रश्न : मी वाचनालयात शिपाई आहे. बारावी झालोय. सकाळी कुलूप मी उघडतो, वर्तमानपत्रं मी लावतो, नवीन माणूस आला की पहिला मलाच विचारतो. पण प्रशिक्षणाला मला कधी नेत नाहीत. मी जाऊ शकतो का? हे विचारलेलं चालेल का? (एक शिपाई, विदर्भ)

उत्तर : दादा, चालेल. आणि जायलाच हवं. नवीन माणसाला वाचनालय कसं वाटलं, हे तुमच्या पहिल्या वाक्यावर ठरतं. तुम्ही “काय पाहिजे?” म्हणालात की “या, बसा, काय बघायचंय?” म्हणालात, यावर तो वर्गणीदार होतो की दारातूनच परत जातो, हे अवलंबून असतं. म्हणजे संवादाच्या प्रशिक्षणाला सर्वांत आधी जायचा हक्क तुमचा.

तोंडी विचारू नका, अर्ज करा. ग्रंथपालांच्या नावे, प्रत कार्यवाहांना. अर्जात विनवणी नको. एक आठवडा दारात तुम्हाला कोणी काय विचारलं ते रोज लिहून ठेवा आणि ती यादी अर्जाला जोडा. त्यातल्या ज्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला देता आली नाहीत, त्यांच्यापुढे खूण करा. शेवटी लिहा, की या प्रश्नांची उत्तरं देता यावीत म्हणून मला पुढच्या वर्गाला पाठवावं. बारावी झाला आहात, तर प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचीही चौकशी जिल्हा ग्रंथालय संघात करून ठेवा. शिपाई म्हणून लागलेली आणि पुढे ग्रंथपाल झालेली माणसं मी शिकवलेल्या वर्गांत होती. अर्जाची पोच घ्या, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही तर मला पुन्हा लिहा.